मागच्या खोलीपर्यंतची लाइन

लाइनमनकाकांची एक खोड होती. कुणाच्या घरी गेले की पाणी नको, चहा नको, पहिला प्रश्न, "बसता कुठे?" मग त्या जागेवर स्वतः बसून फोनवर सिग्नल बघायचे. "उभ्याने सगळेच बघतात," म्हणायचे, "पण काम बसून करायचं असतं ना?" तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली. घरोघरचे टेलिफोन मुके झाले, तेव्हा साठीतला हा गडी नवी विद्या शिकला. घरातले कॉम्प्युटर बिनतारी जोडायची.

टायपिस्ट बाई आजही काकांचा विषय निघाला की आधी हात जोडते. तिने बसायची जागा दाखवली ती मागच्या खोलीतली, आईच्या खाटेशेजारचं स्टूल. बाई डॉक्टरांचे बोललेले अहवाल ऐकून घरूनच टाइप करायची. आई अर्धांगाने पडलेली, वाचा गेलेली, एकच हात चालता. घास अडकला तरी हाक मारायची सोय नाही. म्हणून कॉम्प्युटर आईच्या खाटेपाशीच हवा. आणि इंटरनेटचा डबा कुठे, तर पुढच्या खोलीत! मधे न्हाणीघराच्या जाड भिंती. मागे पोचेपर्यंत सिग्नलचा जीव जायचा. ऑफिसने निक्षून सांगितलं होतं, सोमवारी दहाला अर्ध्या तासाची चाचणी. लाइन तुटली तर ऑफिसात येऊन बसायचं. आता ऑफिसात बसायचं तर आईपाशी कोण? घरात दोघीच तर होत्या.

रविवारी काकांनी माळ्यावर पडलेला जुना राउटर काढायला लावला. "नवा कशाला? या म्हाताऱ्यालाच कामाला लावू." पुढच्या डब्यापासून भिंतीच्या कडेने तार आणली, राउटर खाटेच्या वरच्या भिंतीतल्या फळीवर ठेवला. "झाला तुझा ॲक्सेस पॉइंट. इथवर तारेने, पुढे हवेतून." स्टुलावर बसून बघितलं, सिग्नल भरलेला, फोनवर इंटरनेटही पळतंय. बाईचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी साडेनऊला तिने कॉम्प्युटर लावला, तर सिग्नल भरभरून आणि इंटरनेटचा पत्ता नाही! बाईच्या तोंडचं पाणी पळालं. फोन केला तसे काका सायकल दामटत आले. कॉम्प्युटर बघितला आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझी, पोरी. घरातल्या प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर जायचा नंबर वाटायचं काम पुढच्या डब्याचं. हा जुनाही तेच करतो. त्याचं वाटप बंद करायचं मी विसरलो. एका घरात दोन कारभारी! काल माझ्या फोनला पुढच्याने नंबर दिला म्हणून चाललं. तुझ्या कॉम्प्युटरला याने भलताच दिला."

"असं कुणी विसरतं का हो? माझ्या आईचं काय होईल, कळतं का तुम्हाला?" कधी आवाज न चढवणारी बाई कडाडली.

दुसरा कुणी असता तर इंटरनेट कंपनीच्या नावाने खडे फोडून मोकळा झाला असता. काका मात्र "खरंय, खरंय" म्हणत कामाला लागले. दहाला पाच कमी असताना इंटरनेट आलं.

बाईने कानाला हेडफोन लावले. आता काकांनी जायला हरकत नव्हती. पण कान झाकलेल्या लेकीला आईचा ठसका कसा ऐकू जाणार? ते खाटेच्या कडेला टेकले आणि वाटीतलं राहिलेलं दूध चमच्याचमच्याने आईला पाजू लागले. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं की रुमालाने टिपायचे. अर्धा तास असा गेला. लाइन एकदाही तुटली नाही. ऑफिसातून निरोप आला, "घरूनच करा."

बाई रडायलाच लागली. "काका, तुमचे उपकार कसे फेडू हो? आणि मी मेली तुम्हाला काय काय बोलले!"

"बोललीस ते बरं केलंस." काकांनी चमचा वाटीत ठेवला. "माझी आई सकाळी गेली ना, तेव्हा मी खांबावर होतो. लोकांची लाइन जोडत होतो. मला निरोप मिळायला दुपार झाली."

एवढं बोलून ते उठायला गेले. पण आईने आपल्या चालत्या हाताने त्यांची बाही धरली होती, ती काही केल्या सोडेचना. काका परत बसले.