रुग्ण गैरहजर

रेडिएशन विभागात तिला सगळे नोंदताई म्हणत. कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला किती शेक मिळाले, कितीदा खंड पडला, पुढे काय झालं, हे ती कॉम्प्युटरवर चढवायची. या माहितीवरूनच उपचार सुधारायचे होते, म्हणून ती एकही रकाना रिकामा सोडत नसे.

खंडाच्या कारणासाठी मात्र कॉम्प्युटरवर दोनच पर्याय होते: 'तब्येत बिघडली' किंवा 'रुग्ण गैरहजर'. मशीनच बंद पडलं तर काय, हे तिने सुरुवातीलाच विचारलं होतं.

"तूर्त गैरहजर टाका, नंतर बघू," साहेब म्हणाले होते. ते मेलं 'नंतर' कधी उगवलंच नाही.

गेल्या वर्षी मशीन नऊ दिवस बंद होतं. तिच्या थोरल्या भावाचे, दादाचेही, तेव्हा शेक चालू होते. नऊही दिवस तो सकाळी आठच्या ठोक्याला डबा घेऊन बाहेरच्या बाकावर हजर, मागच्या भिंतीला डोकं टेकून.

"आज तरी लागेल का गं नंबर?"

ती काहीतरी पुटपुटायची आणि आत जाऊन त्याच्या नावापुढे 'गैरहजर' टाकायची. चार महिन्यांत दादा गेला.

आज या नोंदींवरून काढलेला अहवाल आला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला. खंड पडलेले रुग्ण जास्त दगावतात. कारण, त्यांची गैरहजेरी. उपाय, त्यांना शिस्त लावा.

"साहेब, तेव्हा मशीन बंद होतं," ती म्हणाली.

"नोंदीत कुठे आहे तसं?"

नोंदी तिच्याच हातच्या होत्या.

साहेबांनी दिलेली नवी पाटी तिने बाकामागच्या भिंतीला चिकटवली: 'उपचाराला नियमित या.' दादाच्या डोक्याच्या तेलाचा डाग पाटीखाली झाकला गेला.