नात्याच्या रकान्यात शेजारी

"काहून?"

चष्मा कपाळावर सरकवून बाई एवढंच विचारायच्या. चाळीस वर्षं पुण्यात काढूनही विदर्भातलं हे 'काहून' त्यांनी सोडलं नव्हतं. पुणेकर 'का?' विचारतो तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. बाई मात्र उत्तर मिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. ट्रस्टच्या ऑफिसात मी कारकून म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. खोलीत शेगडी ठेवायची नाही, असा नियम मी ऐटीत वाचून दाखवला आणि "काहून?" ऐकून पानं चाळू लागलो. नियमांच्या वहीत कारण दिलेलं नव्हतं.

स्वारगेटच्या मागे आमच्या ट्रस्टची इमारत होती. तुम्ही तिच्यावरून गेला असाल, पण पाहिली नसेल. पाहण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. तळमजल्यावर एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या चौदा खोल्या आणि वरच्या दोन मजल्यांवर नागपूर-अमरावतीकडून कामासाठी आलेली कुटुंबं. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, खाली कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या.

त्यांनी तिथे एक पद्धत पाडली होती. वरच्या प्रत्येक घराची एक किल्ली खालच्या एका म्हाताऱ्या माणसाकडे असायची. आईबाप कामावर असले की पोरं शाळेतून थेट त्या खोलीत येत, किल्ली घेऊन वर जात, जेवून परत खाली येत. बदल्यात वरच्यांनी खालच्यांचं रेशन आणायचं, त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचं. आठ नंबरच्या मास्तरांना दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. "आता माझा कोणाला काय उपयोग?" असं ते म्हणाले, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातात तीन घरांच्या किल्ल्या ठेवल्या.

"पाढे काय डोळ्यांनी म्हणतात? पोरांचे पाढे घ्या. नुसतं बसून म्हातारं होता येणार नाही इथे."

मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी पोरांना पावकी-निमकीपर्यंत नेलं. ती पोरं बाईंवर बरेच दिवस खार खाऊन होती.

मग हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठल्या. कंपन्यांत लागलेली मुलं शहरभर खोल्या शोधू लागली आणि आमच्या ट्रस्टींना एकाएकी म्हाताऱ्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. लोणी काळभोरला ट्रस्टची जागा होती. तिथे वृद्धाश्रम बांधायचा आणि इथला तळमजला त्या मुलांना भाड्याने द्यायचा, असं ठरलं. सभेत एक ट्रस्टी म्हणाले, "आजी-आजोबांना तिकडे मोकळी हवा मिळेल."

"हवा इतकी चांगली आहे, तर आपण काहून शनिवार पेठेत राहता?" बाईंनी विचारलं.

मला हसू आलं. मी ते खोकल्यात लपवलं, कारण पगार ट्रस्टी देत होते.

नियम असा निघाला: ज्याची मुलं शहरात असतील त्याने मुलांकडे जावं. ज्याचं कोणी नातेवाईक याच इमारतीत असेल त्याने राहावं, मात्र त्या नातेवाईकाने तसा फॉर्म भरून द्यावा. उरलेल्यांनी लोणीला जावं. आता तळमजल्यावरच्यांना नातेवाईक असते, तर ते तळमजल्यावर कशाला आले असते? बाईंचा मुलगा तेवढा शहरात होता; उरलेल्या तेराजणांचं ना शहरात मूल होतं, ना इमारतीत रक्ताचं कोणी.

मला वाईट वाटलं, म्हणून मी शहाणपणा केला. बाईंना हळूच म्हणालो, "वरच्यांना सांगा, आत्या, मामा, काहीही लिहा. कोण तपासतंय?"

बाई भडकल्या. "तापाच्या तक्त्यावर मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. आता माणसं खोटी लिहू?"

सोमवारी त्यांनी तेरा फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवले. नात्याच्या रकान्यात तेरा वेगवेगळ्या अक्षरांत एकच शब्द होता: शेजारी. पाठीमागे प्रत्येकाने दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. 'माझं बाळंतपण या आजींनी काढलं.' 'काकांचा पाय मोडला तेव्हा सोळा दिवस दवाखान्यात मी होतो.' 'माझी मुलगी मास्तरांच्या खोलीत चालायला शिकली.'

"बाई, शेजारी हे नातं नाही."

"काहून?"

"रकान्यात बसत नाही."

"मग रकाना मोठा करा."

मी फॉर्म तसेच पुढे पाठवले. ट्रस्टी पाहणीला आले, त्या दिवशी वरची सगळी घरं कामावर खाडा करून जिन्यावर बसली होती. घोषणा नाहीत, फलक नाहीत. ट्रस्टींना वर जायला वाट मिळेना. एकाने मास्तरांना विचारलं, "आजोबा, इथे तुमचं कोण आहे?" मास्तर म्हणाले, "मला दिसत नाही. जिन्यावर किती बसलेत ते तुम्हीच मोजा."

तेराजण राहिले. बाईंना मात्र पत्र आलं. त्यांचा मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत होता, जवळच त्याचा फ्लॅट होता, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी महिन्याभरात खोली सोडावी. ते पत्र मीच टाइप केलं होतं. लाज वाटली, आजही वाटते. त्याच संध्याकाळी मी एक फॉर्म भरला, नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहून खाली माझी सही केली आणि बाईंना नेऊन दिला.

त्यांनी तो पूर्ण वाचला. "तुम्ही धनकवडीला राहता. शेजारी कसले?" असं म्हणून घडी घालून परत केला. "अक्षर बाकी छान आहे हो तुमचं. मुलगा आहे मला, तो चांगला आहे, त्याला नाही कशी म्हणू? जाते. पण साहेब, राहायचं नाही असंच लिहिलंय ना? बसायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

मुलगा टेम्पो घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाई इमारतीच्या पायरीवर हजर. दोन बस बदलून आल्या होत्या, पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. त्यांनी एकेकाला समोर बसवलं, मापं वहीत लिहिली, दोघांना मिठावरून झापलं आणि संध्याकाळच्या बसने परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग रोजच येऊ लागल्या.

ट्रस्टींनी मला पाटी लिहायला सांगितली: 'बाहेरच्या व्यक्तींना येथे बसण्यास मनाई आहे.' मी आधी रंग संपल्याचं सांगितलं, मग ब्रश खराब झाल्याचं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, "लिहिणार नाही." पाटी लागली नाही आणि माझी नोकरीही गेली नाही.

दोन वर्षं बाई अशा येत राहिल्या. एका मंगळवारी आल्या नाहीत. अकराच्या सुमारास ऑफिसात त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

मी बाहेर आलो. पायऱ्यांवर सगळे डाव्या बाह्या वर सारून ओळीने बसले होते. मी बातमी सांगितली. कोणी उठलं नाही, कोणी बाही खाली केली नाही. मास्तर म्हणाले, "कळलं. आम्हाला बसू द्या."

मी त्यांना मोजलं. अकराजण होते. दोघं मधल्या काळात गेले, तेही इथेच, आपापल्या खोलीत, वरच्यांच्या हातचं पाणी पिऊन. लोणीला एकही गेला नव्हता.