ब्रेकवाल्यांची खोली

आमच्या साडूंनी मला जितकं दमवलं, तितकं माझ्या नोकरीनंही दमवलेलं नाही, आणि माझी नोकरी तीन पाळ्यांची आहे. तिसरी पाळी करून सकाळी घरी यावं, अंगावर पांघरूण ओढावं, डोळा लागतो न लागतो तोच खिडकीशी हाक यायची, "हायेस का रं?" हा प्रश्न नसे. चपला घाल आणि बाहेर ये, असा त्याचा अर्थ. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. मूळचे तळवड्याचे. इकडे कारखाने उभे राहू लागले तेव्हा अगदी पहिल्या भरतीत पेंटर म्हणून चिकटले. कारखान्याच्या शॉपमधल्या जमिनीवरचे पिवळे पट्टे, 'येथे थांबू नये' अशा पाट्या, गेटजवळच्या झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, हे सगळं त्यांचं खातं. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून. त्यामुळे त्यांच्यापासून कंपनीतही सुटका नव्हती आणि सासुरवाडीतही नव्हती.

साडूंचा जगाशी संबंध अंगठ्यानं यायचा. कुठलीही गोष्ट समोर आली की ते आधी तिच्यावरून अंगठा फिरवत, मग तो डोळ्यांजवळ नेऊन बघत. देवळात गेले की मूर्तीला घाईनं नमस्कार आणि गाभाऱ्याच्या चौकटीवरून सावकाश अंगठा. आमच्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला स्मशानातल्या शेडचे खांब त्यांनी याच रीतीनं तपासले आणि गंज न खरवडता रंग मारणाऱ्याची आई काढली. भटजी तेवढ्यापुरते थांबले होते. रंगांची नावंही त्यांची कंपनीतली. अक्कांनी हौसेनं घेतलेलं लुगडं त्यांना 'क्रेनचा पिवळा' दिसलं, तेव्हा अक्कांनी ते दोन वर्षं ट्रंकेबाहेर काढलं नाही.

पण त्यांचा खरा आजार म्हणजे व्हिजिट. कंपनीत कुणी मोठा साहेब येणार असला की आदल्या दिवशी दिसेल त्याला रंग द्यायचा, ही तिथली रीतच होती. एकदा व्हिजिटच्या गडबडीत भंगाराच्या ढिगालाही एक हात मारलेला मी पाहिला आहे. साडूंनी ही रीत घरी आणली. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार हे कळताच हे पहाटेच डबा घेऊन हजर. दार, चौकट, पाण्याची टाकी, पाटा ठेवायचा कोनाडा, सगळं हिरवंगार करून टाकलं. मुलाचे वडील दमून चौकटीला टेकले आणि पाठीवर चौकट घेऊनच घरी गेले. लग्न झालं, संसारही नीट चालला आहे. पण आमचे व्याही आजही आमच्याकडे आले की खोलीच्या मधोमध बसतात.

असा हा माणूस कलावंतांच्या नादी कसा लागला, ते सांगतो. टेम्पररी कामगाराचे सात-आठ महिने भरत आले की कंपनी त्याला ब्रेक द्यायची, म्हणजे दोन-तीन महिने घरी बसवायची. सलग काम झालं असतं तर त्याला परमनंट करावं लागलं असतं. ब्रेकची ती चिठ्ठी टाइम ऑफिसच्या खिडकीतून हातात ठेवणं हे माझं काम. ही पोरं बहुतेक मराठवाड्यातून आलेली, पुष्कळशी बौद्धवस्तीतली, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी. त्यांच्यातला एखादा पत्र्याच्या पाठीवर खडूनं चेहरे काढतो, एखादा पोवाडे रचतो, हे साडूंनी शॉपमध्ये फिरताफिरता हेरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, ब्रेक कंपनीनं दिलाच आहे, आता कुणीतरी खोली द्यावी. ज्यांच्या घरात आजवर कुणी स्वतःला कलावंत म्हणवून घेतलं नाही त्यांच्यासाठी तीन महिने राहायची सोय. यासाठी त्यांनी नगरपालिकेला अकरा अर्ज केले. केले म्हणजे माझी झोप मोडून माझ्या अक्षरात करवले. अकराव्या अर्जाला तिथले लोकही माझ्यासारखेच थकले असावेत. जुन्या दवाखान्यावरची खोली एका वर्षासाठी मिळाली. वर्षअखेर समिती येऊन पाहणार आणि योजना पुढे चालवायची की नाही ते ठरवणार होती. देखरेखीला साडू, बिनपगारी. जेवणाचा डबा अक्कांचा, आणि तो पोचवायला पुन्हा बरेचदा मीच.

पहिला आला तो पोवाडेवाला. त्याला चालल्याशिवाय सुचत नसे, आणि तो चालू लागला की खाली इंजेक्शन घेणारे पेशंट वर बघत. दुसरा वडारवाडीतला, दगडातून मूर्ती काढणारा. त्यानं एक धोंडा जिन्यावरून वर नेला आणि तिसऱ्या पायरीचं आयुष्य संपवलं. तिसरा गौतम. उस्मानाबादकडचा, चोवीस-पंचवीसचा, प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, टेम्पररी. फार बोलत नसे. त्याच्या ब्रेकची चिठ्ठी मीच दिली होती. कागद त्यानं थोडे वापरले. पहिला महिना संपता संपता तो कोळसा घेऊन भिंतीकडे वळला आणि मग भिंतीचाच झाला.

मी डबा घेऊन जायचो तेव्हा ती भिंत भरत जाताना बघत होतो. पाळी सुटतानाचं गेट होतं ते. शेकडो माणसं, प्रत्येकाच्या हातात डबा, आणि एकाचंही तोंड दुसऱ्यासारखं नाही. कोपऱ्यात एक खिडकी, खिडकीत एक कारकून चिठ्ठी पुढे करतोय, आणि समोरच्याकडे न बघता घड्याळाकडे बघतोय. तो मी होतो. डबा ठेवून मी खाली आलो आणि मोडक्या पायरीवर जरा बसलो.

समिती शुक्रवारी यायची होती. गौतम आईला आणायला गावी गेला. आईनं त्याचं चित्र कधी पाहिलं नव्हतं. ब्रेकमध्ये पोरगा नुसता बसून खातो अशी तिची समजूत होती आणि त्यापायी तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. गुरुवारी सकाळी तिसरी पाळी करून मी नुकता आडवा झालो होतो. खिडकीशी हाक आली. साडूंच्या सायकलला नीळ घातलेल्या चुन्याचा डबा, आणि माझ्यासाठी शिडी.

खोलीत गेल्यावर त्यांनी गौतमचे कागद जपून गोळा केले, दोरी बांधली, खिशातून चिमटे काढले. साध्या हिशेबाचा माणूस. कागदावरचं तेवढं चित्र, आणि भिंतीवरचं कोळशाचं म्हणजे पट्टे मारण्याआधी खडूनं आखून घेतात तसलं कच्चं काम. ते कुणी पाहुण्यांना दाखवतं होय? कुंचला बुडवून ते म्हणाले, "धर शिडी. पांढऱ्यावर कागद उठून दिसतील."

मी शिडी धरली. ते कच्चं काम नाही, हे मला कळत होतं. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी रात्रभर जागा होतो, पाय भरून आले होते, बोललो असतो तर तासभर वाद झाला असता, आणि मला झोपायचं होतं. कोपऱ्यातली ती खिडकी चुन्याखाली गेली तेव्हा थोडं बरंही वाटलं. हे मी साडूंना आजवर सांगितलेलं नाही.

शुक्रवारी गौतम आईला घेऊन जिना चढला. समिती आधीच आलेली. दोरीवरचे दहा कागद बघून सभ्य माणसं सभ्यपणे मान हलवत होती. गौतम दारातच थांबला. मग पुढे जाऊन त्यानं भिंतीवर हात ठेवला. हाताला पांढरं लागलं. "आये, हितं काढलं हुतं," तो म्हणाला. आईनं त्या स्वच्छ भिंतीकडे बघितलं, पदर सावरला आणि पोराला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "खोली लई साफ हाय, बाबा."

साडूंनी तेव्हा गौतमच्या हाताकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना सगळं कळलं. समिती गेल्यावर ते पायरीवर बसले होते. गौतम त्यांच्याशेजारी बसला. "माज्या हातानं झालं, पोरा," साडू म्हणाले. गौतम म्हणाला, असू द्या काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. खोली पुढच्या वर्षी मिळाली नाही. ती पुढे का चालवावी हे समितीला दिसलं नाही, आणि जे दिसलं असतं ते आम्ही दोघांनी झाकलं होतं. ब्रेक संपला, गौतम प्रेसवर परत गेला, आणि वर्षभरात त्याला परमनंटचं पत्र मिळालं. आई आता त्याच्याशी बोलते.

साडू रिटायर झाले आहेत. दिवाळीआधी आपलं घर ते अजून स्वतःच रंगवतात आणि अजून मलाच उठवायला येतात. पण बाहेरच्या खोलीतल्या एका भिंतीला त्या वर्षापासून कुंचला लागलेला नाही. ती पिवळी पडली आहे, पावसाची ओल उतरली आहे, अक्का बोलून बोलून थकल्या. तिच्या खालच्या फळीवर कोळशाचे तुकडे कागदात बांधून ठेवलेले आहेत. भाऊबीजेला गौतम बायकोला घेऊन, मिठाईचा पुडा घेऊन येतो. साडू त्याला त्या भिंतीसमोरच बसवतात. उठताना तो भिंतीवरून अंगठा फिरवतो आणि दरवर्षी म्हणतो, "काका, पुढच्या ब्रेकला काढतो."

परमनंट माणसाला ब्रेक नसतो. ते त्याला माहीत आहे, साडूंना माहीत आहे, आणि मला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं, कारण त्याचं ते पत्रही त्याच खिडकीतून मीच दिलं. साडू म्हणतात, "दमानं काढ. भिंत कुटं जातीय."

यंदाही शिडी मीच धरली. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींना रंगाचा दुसरा हात झाला. चौथीशी आलो तसे साडू खाली उतरले आणि न बघता म्हणाले, "सरकव पुढं." मी सरकवली.