बुडाशी बसवलेला सेन्सर

“आदी ताप कळू द्या, मंग दवा.” कुणी कसलीही तक्रार आणली की मामूंचं हे ठरलेलं. पंप ओरडतोय, पट्टा घसरतोय, माझं पोट बिघडलंय, सगळ्यांना एकच उत्तर. असं बोलताना ते डोक्यावरची टोपी थोडी पुढे ओढायचे.

सिरसाळ्याजवळच्या सरकीच्या तेलगिरणीत मी स्टोअर सांभाळायचो आणि मामू बॉयलर. बॉयलरला ते ‘आपली म्हातारी’ म्हणत. “खाती कमी, देती लई.” लाडावलेल्या पोराची आई बोलते ना, अगदी तसं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बाजार खुला झाल्याची ती वर्षं. परदेशी पामतेल परळीच्या किराणा दुकानांत येऊन बसलं आणि आमचं तेल महाग पडू लागलं. शेठ एक दिवस वैतागून म्हणाले, “म्हातारी जळण लई खाते. असंच चाललं तर गिरणी बंद करतो.”

मामूंच्या ते फार जिव्हारी लागलं. “मोजल्याबिगर बदनाम करू नका, शेठ. मोजा आन् बोला.”

मोजायचं म्हणून औरंगाबादहून सेन्सर विकणारा आला. शेठना वाफेचा दाब दाखवणारा स्वस्तातला हवा होता. मामू म्हणाले, “दाब तर आपला काटा दावतोच. गरमी कुठं जाती ते कळाया पायजे.” धूर जितका गरम बाहेर पडेल, तितकं जळण वाया गेलं, हा हिशोब त्यांना पाठ होता. त्यांनी धुराचा ताप मोजणारा निवडला, तोही आकडे दाखवणारा. “काट्याला मानूस सांभाळून घेतो. आकड्याला न्हाई.”

विक्रेता भला माणूस. शेठ गेल्यावर हळूच म्हणाला, “धुराड्यात वर बसवा. धूर तिथवर निवतो, आकडा चांगला दिसतो.”

“वरच बसवू, मामू,” मी घाईनं म्हणालो. माझंही पोट त्याच गिरणीवर होतं.

मामू भडकले. “कावून? चोरी केली काय म्हातारीनं?” आणि बॉयलरमधून धूर निघतो तिथंच, बुडाशी, त्यांनी भोक पाडून घेतलं.

आकडा आला तो भलताच चढा, आणि विक्रेत्यानं मान खाली घातली. मामूंनी शेठकडून मुदत मागून घेतली. बॉयलर निववून आत शिरले, नळ्या स्वतः घासल्या. बाहेर आले तेव्हा फक्त दात पांढरे दिसत होते. आम्ही हसलो, तेही हसले. पुन्हा जाळ घातला. आकडा जरासा उतरला आणि तिथंच अडला. आतली भिंतच खचली होती. दुरुस्तीला नव्या बॉयलरइतका खर्च होता. शेठनी गिरणी बंद केली.

सेन्सर वर बसवला असता तर गिरणी चालली असती, म्हणत कामगारांनी मामूंना नाही नाही ते बोलून घेतलं. काहींनी सलाम करणं सोडलं. मलाही त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांना एकटं चालताना पाहिलं की गलबलून यायचं.

पुढे भंगारवाले बॉयलर कापायला आले. मामूही आले. आता हे रडणार, म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. कापणारे जाड पत्र्याशी झटत होते, काही केल्या कापलं जाईना. मामू पुढे झाले आणि पत्र्यावर एका जागी त्यांनी खडूनं रेघ ओढली.

“तिथं न्हाई, बाबा. हितं कापा. हितं तिची कातडी पातळ हाय.”