चालण्याचा त्रास किती धरायचा

मुरबाडजवळच्या खेड्यातून शहरात कामाला जाणारी आमच्या घरातली मी पहिली मुलगी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. दोन हजार सालानंतर लगेचच एका छोट्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले. रस्ते, सिग्नल, बसमार्ग यांत काही बदल करायचा असला, की तो आधी कॉम्प्युटरवर करून बघायचा, हे त्या कंपनीचं काम. पडद्यावर शहराचे रस्ते रेघांसारखे दिसत. बसेस म्हणजे सरकणारे चौकोन आणि माणसं म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला घर असे, जायचं ठिकाण असे, आणि बसमध्ये बसण्यापेक्षा चालण्याचा त्याला किती जास्त त्रास होतो, याचा एक आकडा असे. त्या आकड्यावर ठिपका ठरवायचा, बसची वाट बघायची की पायी निघायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूच वाटली मला.

हे सगळं मला शिकवलं ते तिथल्या एका इंजिनीअर मुलीने. वयाने माझ्याएवढीच, शहरातच वाढलेली. आपला डबा माझ्यापुढे सरकवायची, माझं इंग्रजी न हसता सुधारायची. त्या ऑफिसात मला ‘तुमच्यात’ असं न म्हणणारी ती एकटीच. वर्षभरात मी तिला मैत्रीण म्हणू लागले.

पौषात आमच्याजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला मी तिला घरी आणलं. आमच्या घराकडे जायला फाट्यावर एसटीतून उतरून बरंच चालावं लागतं. आई आम्हाला घ्यायला आली होती. तिने पाहुणीची बॅग डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागली. मैत्रीण धापा टाकत म्हणाली, “काकू, भाजीची पाटी घेऊन रोज एवढं चालता?”

आई हसली. “आमाला चालायचं काय नाय वाटत गो. तू दमली असशील, बस जरा.”

आई बांधावरची काकडी, भेंडी, शिराळी घेऊन शहरात स्टेशनजवळ विकायला बसायची. एसटी थेट स्टेशनपाशी जायची म्हणून ते जमायचं. संध्याकाळी ती गुडघ्यांना कोमट तेल चोळत बसे, पण पाहुणी होती ते दोन दिवस तिने तेलाची बाटली बाहेरही काढली नाही. मैत्रिणीला तिने वालाचं बिरडं केलं, तांदळाची भाकरी केली, आणि निघताना जत्रेतली घोंगडी दिली.

त्याच उन्हाळ्यात कंपनीकडे स्टेशनभागाचं काम आलं. तिथे फार कोंडी होत होती. खेड्यांकडून येणाऱ्या एसट्या शहराबाहेर नाक्यावरच थांबवाव्या, अशी सूचना होती. पुढे लोक चालत जातील किंवा रिक्षा करतील. हे बरं की वाईट, ते आम्ही पडद्यावर बघायचं होतं.

मी मैत्रिणीला म्हटलं, “डोक्यावर ओझं असलेल्या बायकांचा गट वेगळा धरू या. त्यांचा चालण्याचा आकडा मोठा हवा.”

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली, आणि तसा गट आम्ही दोघींनी मिळून केला. चालवून पाहिलं. स्टेशनपाशी मोकळं झालं खरं, पण नाक्यावर ठिपक्यांचा ढीग साचला. नाक्यापासून पुढे बाजाराची एक बस दिली तरच हे चालेल, असं उत्तर निघालं. ते ती अहवालात घालणार होती. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन आईला सांगितलं, तुझ्यासारख्या बायका आता कॉम्प्युटरमध्ये आहेत.

सादरीकरणाच्या दिवशी हॉल भरला होता. मी मागे मशीनपाशी बसले होते आणि ती पुढे बोलत होती. तिने सांगितल्यावर मी फाईल उघडली. नाक्यावर ढीग नव्हता. ठिपके रांगेने शांतपणे स्टेशनकडे चालले होते. बाजाराची बस कुठेच नव्हती. मला वाटलं चुकीची फाईल लागली. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

एका अधिकाऱ्याने विचारलं, “खेड्यातल्या लोकांचं काय?”

“सर, मी स्वतः त्या भागात राहून आले आहे,” ती म्हणाली. “तिथल्या बायकाच सांगतात, आम्हाला चालायचं काही वाटत नाही. ते आम्ही विचारात घेतलंय.”

लोकांनी माना डोलावल्या. माझा हात माउसवर होता तो तसाच राहिला.

जिन्यात मी तिला गाठलं. “तो आकडा कुणी बदलला?”

“मी. उत्तर वरून आधीच ठरलं होतं. मी केलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं.”

“मग माझ्या आईला कशाला मध्ये आणलंस?”

“मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू करू दिलं नसतंस,” ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, जणू माझं कौतुकच करत होती.

महिना संपला आणि मी नोकरी सोडली. पाऊस सरेपर्यंत नाक्यावर नव्या थांब्याचा फलक लागला, एसट्या तिथेच वळू लागल्या. आई पहिल्या दिवशी शहरातून परतली ती ओटीवरच बसली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

ती गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, “पावनीला आपलं रडगाणं कशाला सांगायचं, म्हणून बोलले मी. तिला कळलं नाय व्हय?”

“कळलं होतं आई.”

“मग?”



रिक्षावाले पाटी घ्यायला नाखूश असत, घेतली तर भाडं वाढवत. आईने तो एक हंगाम कसाबसा काढला. नंतर ती माल मुरबाडच्या बाजारात व्यापाऱ्याला देऊ लागली, तो म्हणेल त्या भावाने. मी शहापूरला एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागले.

पुढे आमच्या घरी टेलिफोन बसला, तेव्हा एकदा त्या मैत्रिणीचा फोन आला. आईने उचलला. “बरी हाय गो. तू कशी हायेस? आईबाप बरे हायेत ना?” सगळी चौकशी केली तिने. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “नाय, ती घरात नाय.”

मी समोरच बसले होते. फोन ठेवून आई पुन्हा भेंड्या निवडू लागली.