पाण्यात सोडायला नेलेले चित्र

यजमान गेले त्या दिवशी मला रडू आले नाही, आणि पुढे त्याचीच लाज वाटत राहिली. भेटायला आलेल्यांना चहा हवा-नको मीच विचारत होते. वर्ष लोटले तरी डोळे कोरडे. सकाळची पूजा चुकली नाही. पण हात जोडल्यावर देवाशी बोलायला शब्द सुचत नसे. आपल्या मायेतच काही उणे होते का, हे कोणाला विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेतून निवृत्त झाल्यावर भाचीच्या आग्रहाने मी सावेडीतल्या एका चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले. आयुष्यभर भूमिती शिकवलेली. पट्टीशिवाय रेघ ओढायचेही भय वाटे. सर म्हणत, “आकार शोधू नका. आत असेल ते हाताला सांगू द्या.” माझा हात मात्र दरवेळी एकच सांगे: तपकिरी रंगाचा रुंद, उभा पट्टा आणि त्यावरून तिरपी उतरणारी पांढरी रेघ. तीन महिने हेच. एके दिवशी शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो, आज पुन्हा चहा सांडला वाटतं!” सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन ठरवले की हे आता पुरे.

पण त्या दिवशीचे चित्र टाकवेना. झिजलेली, भंगलेली मूर्ती आपण टाकत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. तसेच ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मी नेवाशाच्या एसटीत बसले. माउलींनी ज्याला टेकून ग्रंथ सांगितला, त्या मंदिरातल्या खांबाचे आधी दर्शन घ्यावे, मग चित्र प्रवरेत सोडावे आणि हा नाद संपवावा. लाकडी चौकटीवरचे तेलरंगाचे कापड बुडत नाही, तरंगते, एवढेही मला सुचले नव्हते.

घोडेगावला एसटी बंद पडली. गुरांच्या बाजाराचा दिवस होता. मी एका लिंबाखाली टेकले. तिथे एक वृद्ध शेतकरी मांडीवर रिकामे दावे घेऊन बसले होते. नुकताच त्यांनी बैल विकला होता.

“देव हाय का वं बाई त्यात?” पंच्याकडे बघत त्यांनी विचारले.

“नाही बाबा, चित्र आहे. पाण्यात सोडायला नेतेय.”

“भंगलंय व्हय?”

“मला ते समजत नाही,” मी म्हणाले आणि पंचा सोडला. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिले.

“ही तर पाठ हाय,” ते म्हणाले. “जानाऱ्याची. बैल दिला तरी दावं देत न्हाई आमी, घरी नेतो. पर घेनारा त्याला घिऊन निघाला की मागं पाठच दिसती. तोंड ध्यानात ऱ्हात न्हाई बघा. पाठ ऱ्हाती.” मग चित्र माझ्या हाती देत हसले, “भंगलेलं न्हाई ह्ये. कशाला बुडवता?”

तपकिरी स्वेटर. खांद्यावरून तिरपा गेलेला शबनम पिशवीचा पांढरा पट्टा. तपासणीसाठी पुण्याला निघालेले यजमान फाटकाकडे चालले होते. मी दारात उभी होते, हाक मारणार होते. तेवढ्यात दूध उतू जाण्याचा वास आला आणि मी आत वळले. ते परत आले नाहीत. ती सकाळ मी पूर्ण विसरले होते. हाताने ती जपून ठेवली होती, आणि मी त्याला चहाचा डाग समजून हसले होते.

दुसरी एसटी आली. वळून पाहिले, तर बाबा खांद्यावर दावे टाकून बाजाराच्या गर्दीत चालले होते. त्यांचीही मला पाठच दिसली.

नेवाशाला मी नदीवर गेले नाही. मंदिरात सगळे खांबाला मिठी मारतात, तशी मीही मारली. गाल टेकवला, आणि वर्षभर अडलेले पाणी सुटले. पुजाऱ्यांनी मागच्या रांगेला थांबायला सांगितले.

ते बाबा कोण होते, हे मी शोधले नाही. शब्द न सापडणाऱ्या माझ्यासारखीची प्रार्थनाही देव ऐकत असतो, हाताने लिहिलेली वाचत असतो, एवढे मला कळले. आता रंग घेताना मी भीत नाही. हात देवाच्या स्वाधीन करते. ते चित्र दाराजवळच्या भिंतीवर आहे. गॅसवर दूध असले, तर आधी गॅस बंद करते आणि निघालेल्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला जाते.