घरचंच आहे, घेऊन जा

वगदी मास्तरांनी परदेशी मुलांसाठी अरबी संभाषणाचं पुस्तक लिहिलं, त्यात फळवाल्याच्या धड्यापाशी पान संपलं. गिऱ्हाईक विचारतं, "काका, हे खरबूज केवढ्याला?" फळवाला म्हणतो, "तुमच्याकडून काय घ्यायचं? घरचंच आहे, घेऊन जा." इथे पान भरलं, आणि पुढच्या पानावर टपालकचेरीचा धडा आधीच बसवून तयार होता. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि सोडून दिलं. यापुढे काय बोलायचं असतं हे कैरोत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. गिऱ्हाइकाने "छे छे, असं कसं" म्हणायचं, फळवाल्याने शपथ घालायची, गिऱ्हाइकाने उलटी शपथ घालायची, आणि दोघांची मनं भरली की फळवाल्याने मघाशी फुकट देऊ केलेल्या खरबुजाची दुप्पट किंमत सांगायची. खरं भांडण तिथून सुरू होतं. इतकी उघड गोष्ट पुस्तकात कोण लिहितं? माणसाने श्वास आत घेतला की बाहेर सोडायचा असतो, हेही मास्तरांनी कुठे लिहिलं नव्हतं.

पुस्तक कैरोच्या दोक्की भागातल्या एका गल्लीतल्या भाषावर्गाने लावलं. वर्गाच्या दाराशी फरगलीची फळांची गाडी.

हॉलंडचा योस्त नावाचा एक लांबलचक मुलगा धडा पाठ करून जिना उतरला आणि त्याने फरगलीला खरबुजाची किंमत विचारली. फरगली म्हणाला, "तुमच्याकडून काय घ्यायचं? घरचंच आहे, घेऊन जा." योस्तचा चेहरा उजळला. या देशात पहिल्यांदाच कोणीतरी पुस्तकातल्यासारखं बोललं होतं. त्याने खरबूज तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं, "शुक्रन" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो सगळा वर्ग घेऊन आला, आणि मग रोजच; खरबुजांमागून आंबेही गेले.

आता फरगलीने तोंड आवरायला हवं होतं, असं म्हणणारा माणूस फरगलीला ओळखत नाही. तो मूळचा दक्षिणेतल्या सोहाग गावाकडचा. मिशा अशा, की त्यांच्या टोकांवर दोन लिंबं ठेवावीत. सकाळी गाडी लावताना तो इस्माइलियाच्या आंब्यांवर पाणी शिंपडतो आणि त्यांच्याशी बोलतो. नरम पडलेल्या आंब्याला मागे टाकताना त्याची माफी मागतो. पण गिऱ्हाइकाला आपण होऊन किंमत सांगणं त्याच्या घराण्यातच नाही. त्याच्या वडिलांनी एकदा म्हैस अशीच घालवली. "घरचीच आहे, घेऊन जा" म्हणाले; समोरचा ठार बहिरा निघाला, त्याने दोरी धरली आणि चालायला लागला. हे फरगली आजही अभिमानाने सांगतो. म्हैस गेली, पण वडिलांनी मागून हाक मारली नाही.

त्याची बायको हमीदा गाडीशेजारी पालथ्या खोक्यावर बसून भरण्यासाठी वांगी कोरत असते. म्हशीची गोष्ट तिने लग्नाआधी ऐकली नव्हती.

"मेहरूसच्या बापा," ती म्हणाली, "वर्षात आंब्याचे महिने दोन. त्यावर आपण बाकीचे दहा काढतो. त्यातला एक तू हॉलंडला दिलास."

"पाहुणी माणसं आहेत."

"पाहुणे पिशव्या घेऊन येतात का? शुक्रवारपर्यंत तुझं ते वाक्य बंद झालं नाही, तर गाडीवर मी उभी राहीन आणि घरी वांगी तू कोरशील."

हे मास्तरांच्या कानावर आलं. फरगली वांगी कोरतो आहे हे चित्र त्यांना झोपू देईना. ते वर्गाच्या संचालिका मादाम इन्साफ यांच्याकडे गेले.

"दोष तुमच्या पुस्तकाचा नाही मास्तर," मादाम समजुतीने म्हणाल्या, "पुस्तकाने शिकवण्याचा आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर बातम्यांवरून शिकवतात. तिसऱ्यावर टीव्हीच्या मालिकांवरून. आणि चौथ्यावर बोलतच नाहीत."

"मग करतात काय?"

"ऐकतात. तान्हं मूल आधी ऐकतंच ना? सहा महिने तोंड उघडायचं नाही." मादामना कल्पना सुचली. "असं करू. प्रत्येक मजल्यावरून एकेक मूल खाली पाठवू. जो नीट नकार देईल, त्याची पद्धत साऱ्या इमारतीला."

फरगलीला विचारलं, तर तो म्हणाला, "परीक्षा वगैरे मला कळत नाही. मी नेहमीसारखं बोलणार."

"तेवढंच कर," मास्तर म्हणाले.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गल्ली जमली. न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊनच बाहेर आला. बातम्यांच्या मजल्यावरचा अमेरिकन ब्रॅडली पुढे झाला. फरगलीने वाक्य म्हटलं. ब्रॅडली ताठ उभा राहून म्हणाला, "या उदार प्रस्तावाचे आम्ही स्वागत करतो. तथापि दोन्ही बाजूंनी संयम बाळगणे आवश्यक आहे."

"मास्तर, याला खरबूज हवंय की नकोय?"

"चर्चेच्या पुढील फेऱ्या होतील," एवढं जाहीर करून ब्रॅडली गाडीच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

मग मालिकांच्या मजल्यावरची कोरियाची हे-वॉन. फरगलीचं वाक्य संपताच तिने एक पाऊल मागे घेतलं, हात छातीवर ठेवला आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "ज्या हातांनी माझ्या बहिणीचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, त्या हातांतून मी विष घेईन, पण खरबूज घेणार नाही."

नकार पहिल्या प्रतीचा होता. मादाम टाळी वाजवायच्या बेतात होत्या. पण हमीदाने सुरी खाली ठेवली.

"कुठली बहीण?"

"मला काय माहीत? हिलाच विचार."

प्रश्न आला म्हणताच हे-वॉनने पुढचा संवाद म्हटला, "ते मूल याचंच आहे."

फरगलीने आंब्यांची अख्खी पेटी तिच्या हातात कोंबली आणि तिला जिन्याकडे वळवलं. ती खरेखुरे अश्रू ढाळत पेटी घेऊन वर गेली.

शेवटी चौथ्या मजल्यावरची नॉर्वेची इंग्रिड. ती खरबुजापुढे उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"घरचंच आहे, घेऊन जा," फरगली म्हणाला.

इंग्रिड गप्प.

फरगली सरसावला. कित्येक दिवसांनी कोणीतरी घरंदाज माणूस भेटलं होतं. "घ्या हो. आईची शपथ."

गप्प. "आईच्या कबरीची शपथ." गप्प. असा भक्कम नकार त्याला सोहागमध्येही कोणी दिला नव्हता. त्याच्या मिशा थरथरल्या. "तुम्ही हे खरबूज नेलं नाही, तर माझ्या बायकोला तलाक."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ही शपथ पुरुष चहाच्या पेल्यावरूनही घालतात. समोरचा मुकाट्याने चहा पितो, म्हणून संसार टिकतात. आपल्या हाती कोणाचा संसार आहे याचा इंग्रिडला पत्ताच नव्हता. ती गोड हसली आणि चालू लागली.

सारी गल्ली तिच्या मागे. न्हावी हात जोडतोय, अर्धी दाढीवाला वाट अडवतोय, ब्रॅडली सांगतोय की परिस्थिती झपाट्याने चिघळत आहे. "इंग्रिड, बाई, हो म्हण," मादाम विनवत होत्या. इंग्रिडने आपल्या कानाकडे बोट दाखवलं. ती ऐकत होती.

हमीदा उठली. तिने खरबूज उचललं, तरातरा जाऊन इंग्रिडच्या पोटाशी लावलं आणि म्हणाली, "धर. आणि आता तोंड उघड, नाहीतर मी उघडते."

इंग्रिड घाबरली आणि साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच बोलली. "केवढ्याला?"

फरगली मागून धावत येत होता. "तुमच्याकडून काय घ्यायचं, घरचंच..."

"साठ पौंड," हमीदा म्हणाली.

इंग्रिडने पैसे दिले. शपथ नेण्याची होती, फुकट नेण्याची नव्हती, असा निवाडा मास्तरांनी तिथल्या तिथे दिला आणि हमीदाचा संसार वाचला. तेव्हापासून तिचं खोकं गाडीच्या मागे आलं आहे. फरगली समोरून "घरचंच आहे" म्हणतो, आणि शब्द हवेत असतानाच मागून वांगी कोरता कोरता किंमत येते. आंब्याचा दुसरा महिना असा सुटला.

त्या गुरुवारच्या संध्याकाळी गाडीपाशी खरबुजाची फोड खाताना मास्तरांनी विचारलंच. "फरगली, बायको जायची वेळ आली होती रे. पहिल्याच दिवशी त्या योस्तला किंमत सांगून टाकली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

फरगलीने हातातला आंबा पुसून जागेवर ठेवला.

"मास्तर, मी तुम्हाला दुकानदार वाटलो काय?"